दिवा चालू, आकडे थिजलेले: छोटा संगणक वाट पाहताना का अडकतो?

निफाड तालुक्यातल्या मामांच्या कांदा चाळीत मी मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर एक छोटा संगणक बसवला. पंजात मावेल एवढा बोर्ड, आणि चाळीत चार ठिकाणी टांगलेले तापमान व आर्द्रता मोजणारे सेन्सर. दर मिनिटाला आकडे घ्यायचे, फाइलमध्ये लिहायचे आणि मामांच्या मोबाइलवर दाखवायचे, एवढंच काम. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने ठेवायचा असतो. दमट हवेत तो सडायला वेळ लागत नाही, म्हणून आर्द्रता केव्हा चढतेय हे वेळेवर कळलं तर थेट पैसे वाचतात.

नवव्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला. "अरे, रात्रभर पाऊस झाला आणि तुझी डबी अजून चौसष्टच टक्के दाखवतेय. दिवा तर लागलेला आहे तिचा."

मी पुण्यातून इंटरनेटवरून बोर्ड रीबूट केला. तो पुन्हा सुरू झाला, मला नीट उत्तरं देऊ लागला, पण सेन्सर मात्र एक शब्द बोलेनात. परत रीबूट केला, तरी तेच. शेवटी मामांना म्हटलं, "प्लग काढा, दहा आकडे मोजा, परत लावा." झटक्यात सगळं सुरू झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रकार.

"बंद करून चालू कर" हा उपाय आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण रीबूट करून जे होत नव्हतं ते प्लग काढल्यावर का होत होतं? या एका प्रश्नाच्या मागे गेलं तर टायमर, इंटरप्ट आणि बस टाइमआउट हे तिन्ही शब्द आपोआप उलगडतात. तिघांच्याही मुळाशी एकच गोष्ट आहे: वाट पाहणं. कुणाची, किती वेळ, आणि तो नाहीच आला तर पुढे काय.

## समोर कुणी बसलेलं नसतं

प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना हे सगळं एकाच पाटीवर असतं तो सिंगल बोर्ड कॉम्प्युटर. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आलेल्या रास्पबेरी पायमुळे हा प्रकार घरोघरी पोहोचला. जेमतेम ८५ बाय ५६ मिलिमीटरची ती पाटी. पण कल्पना जुनीच आहे. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांमध्ये ज्यांनी इंटेलच्या ८०८५ प्रोसेसरचं किट वापरलंय, हेक्स कीपॅडवर एकेक आकडा दाबून प्रोग्रॅम भरलाय, त्यांनी सिंगल बोर्ड कॉम्प्युटरच हाताळलाय.

लॅपटॉप अडकला तर समोर बसलेला माणूस वैतागतो, एखादं बटण दाबतो. चाळीतल्या, विहिरीवरच्या, लिफ्टमधल्या संगणकासमोर असं कुणी नसतं. त्याला आपला अडकलेपणा स्वतःच ओळखावा लागतो, आणि त्यासाठी सगळ्यात आधी वेळ कळावी लागते.

## टायमर: गप्प मोजत राहणारा

बोर्डावर क्वार्ट्झचा एक बारीकसा तुकडा असतो. वीज दिली की तो ठरावीक गतीने कंप पावतो. सुरुवातीच्या रास्पबेरी पायमध्ये ही गती सेकंदाला १ कोटी ९२ लाख कंप इतकी आहे. त्यांना भागून एक मोजणी चालवली जाते, जी सेकंदाला बरोबर दहा लाखांनी पुढे सरकते. हा टायमर. प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतला, प्रोग्रॅम बिघडला, तरी त्याची मोजणी चालूच राहते.

टायमरला दोनच गोष्टी विचारता येतात. आत्ता आकडा किती झाला? आणि आकडा अमुक झाला की मला हाक मारशील का? दुसऱ्या प्रश्नावर संगणकाचं बहुतेक वेळेचं गणित उभं आहे.

मात्र मोजणीसाठी जागा ठरलेली असते. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर शून्यावर यायचा, तसंच इथे होतं. शून्य किंवा एक मावणारं घर म्हणजे बिट; अशा ३२ बिटांच्या जागेत ४,२९,४९,६७,२९६ आकडे मावतात. दहा लाखांच्या गतीने ही जागा ७१ मिनिटं ३५ सेकंदांत भरते. सेकंदाला हजार या गतीने मोजलं तर ४९ दिवस १७ तासांत. ज्या प्रोग्रॅमने हे लक्षात घेतलेलं नसतं तो दीड महिना सुरळीत चालतो आणि एके दिवशी विचित्र वागायला लागतो. तोवर ते लिहिणारा दुसऱ्याच कामाला लागलेला असतो.

यात हसण्यासारखं काही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाला बोइंग ७८७ विमानांबद्दल आदेश काढावा लागला. वीजपुरवठा २४८ दिवस सलग चालू राहिला तर जनरेटर नियंत्रकांच्या सॉफ्टवेअरमधली मोजणी भरून वाहते आणि सगळे जनरेटर एकदम बंद पडू शकतात, असं प्रयोगशाळेतल्या चाचणीत आढळलं होतं. सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजत गेलं तर ३१ बिटांची जागा साधारण साडेदोनशे, नेमकं सांगायचं तर २४८ दिवसांहून थोड्या जास्त वेळात भरते, हा हिशेब कुणीही कागदावर करून पाहू शकतं. तेव्हाचा तात्पुरता उपाय काय होता? त्या मुदतीच्या आत विमानाची वीज एकदा बंद करून पुन्हा चालू करायची.

हा धोका टाळण्याची रीत मात्र सोपी आहे. "आकडा अमुकच्या पुढे गेला का?" असं विचारायचं नाही, "सुरुवातीपासून किती सरकला?" असं विचारायचं. रात्री दहाला झोपलेला माणूस पहाटे चारला उठला तर चार हा आकडा दहापेक्षा लहान आहे म्हणून आपण गोंधळत नाही, सहा तास झोप झाली म्हणतो. संगणकाची वजाबाकीही असंच बरोबर उत्तर देते.

दुसरा खड्डा माझ्यासाठी जास्त जवळचा होता. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर भिंतीवरच्या घड्याळासारखं, बॅटरीवर चालत राहणारं घड्याळ नाही. वीज आली की बोर्ड जुनीच वेळ धरून बसतो आणि इंटरनेट मिळालं की एकदम खऱ्या वेळेवर उडी मारतो. "दहा वाजून पाच सेकंदांनी वाट पाहणं थांबव" असं लिहून ठेवलं आणि मध्येच घड्याळ सहा तास पुढे गेलं, तर सेन्सरला बोलायची संधीच मिळाली नाही असं होतं. घड्याळ मागे गेलं तर प्रोग्रॅम सहा तास वाट पाहत बसेल. म्हणून वाट पाहण्याचा हिशेब घड्याळावर नाही, फक्त पुढे सरकणाऱ्या मोजणीवर करायचा. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यासाठी 'मोनोटॉनिक' नावाची वेगळी सोय आहे. तारीख-वेळ सांगणारी सोय वेगळी, आणि ती या कामाची नाही.

## इंटरप्ट: कुकरची शिट्टी

घरात पोळ्या लाटणाऱ्या माणसाने एका शेगडीवर वरण-भाताचा कुकर लावलेला असतो. दर अर्ध्या मिनिटाला पोळपाट सोडून कुकरकडे पाहायला कुणी जात नाही. कुकर शिट्टी देतो. शिट्टी झाली की लाटणं ठेवायचं, गॅस बारीक करायचा आणि पोळी जिथे सोडली होती तिथून पुढे लाटायची.

शिट्टी म्हणजे इंटरप्ट. बाहेरच्या एखाद्या भागाने प्रोसेसरला दिलेली हाक. हाक आली की प्रोसेसर आपण कुठे होतो ते लिहून ठेवतो, ठरलेल्या पत्त्यावरचा छोटा प्रोग्रॅम चालवतो आणि परत येतो. ८०८५ वाल्यांना ते पत्ते अजून पाठ असतील: आरएसटी ७.५ साठी ००३सी, ट्रॅपसाठी ००२४.

सगळ्या हाका सारख्या नसतात. पोळी तव्यावर फुगलेली असेल तर पाच सेकंद शिट्टीकडे दुर्लक्ष चालतं. प्रोसेसरलाही असं "आत्ता हाका नकोत" म्हणता येतं. पण गॅसचा वास आला तर पोळी जळाली तरी बेहत्तर. ८०८५ मधली ट्रॅप ही तशी, कधीच न थोपवता येणारी हाक आहे.

टायमर आणि इंटरप्ट एकत्र आले की संगणकाला नाडी मिळते. अशा बोर्डांवर बहुधा असणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही नाडी साधारणपणे सेकंदाला १०० ते १००० वेळा चालते. दर ठोक्याला प्रोसेसर थांबून पाहतो की कुणाची पाळी संपली आणि कुणाची सुरू करायची. एकाच प्रोसेसरवर दहा कामं एकदम चालल्यासारखी वाटतात ती या नाडीमुळे.

## मग सतत पाहत राहिलं तर काय बिघडलं?

ही शंका रास्त आहे. साध्या कामाला सतत पाहणंच बरं. दर मिनिटाला आर्द्रता मोजायला इंटरप्टची गरजच नाही.

पण मामांच्या शेतात पर्जन्यमापकही आहे. त्यात दोन बाजूंचा एक छोटा सी-सॉ असतो. एका बाजूला साधारण ०.२ मिलिमीटर पावसाचं पाणी साचलं की तो कलंडतो आणि क्षणभर एक चुंबकी स्विच जोडला जातो. तासाला १०० मिलिमीटर म्हणजे आभाळ फाटल्यासारखा पाऊस धरला तरी तासात ५०० वेळा, म्हणजे दर सात सेकंदांनी एकदा तो कलंडणार. स्विच जोडलेला राहतो तो मात्र सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. मिनिटाला एकदा डोकावणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही, आणि सतत डोकावत बसावं तर बाकी सगळी कामं पडून राहतात. इथे इंटरप्टला पर्याय नाही.

हाक आल्यावर करायचं काम मात्र अगदी थोडकं हवं: "एक कलंडलं" एवढी नोंद करायची आणि निघायचं. तिथेच फाइल उघडून लिहीत बसलं, मोबाइलवर संदेश पाठवत बसलं, तर तेवढ्यात आलेल्या बाकीच्या हाका चुकतात. शिवाय स्विच जोडताना तो स्वच्छ एकदाच जोडला जात नाही. काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका कलंडण्याच्या पाच हाका येतात. म्हणून पहिल्या हाकेनंतर टायमर लावून थोडा वेळ पुढच्या हाका सोडून द्यायच्या. असं केलं नाही तर दोन मिलिमीटर पावसाची दहा मिलिमीटर म्हणून नोंद होते.

हाकांचा पूरही येऊ शकतो. तुटलेल्या तारेवर विजेचा गोंगाट बसला तर सेकंदाला हजारो हाका येतात आणि प्रोसेसरला त्यांची दखल घेण्यापलीकडे काही सुचत नाही. त्यावर लिनक्समध्ये एक पहारा आहे. एका तारेवरच्या एक लाख हाकांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त हाका "माझी" म्हणायला कुणीच पुढे आलं नाही, तर ती तार बंद केली जाते आणि नोंदवहीत लिहिलं जातं: नोबडी केअर्ड. कुणीच विचारलं नाही.

## बस: एसटीतली दोरी

आता सेन्सरकडे वळू. संगणकातली बस म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या तारा. मूळ लॅटिन शब्द 'ऑम्निबस', म्हणजे सर्वांसाठी. रस्त्यावरच्या बसचं नावही तिथूनच आलंय.

आणि योगायोगाने तिचं उत्तम उदाहरण जुन्या लाल एसटीतच आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घंटेपासून मागच्या सीटपर्यंत गेलेली ती दोरी. एरवी ताणलेली. कंडक्टरने एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. दोरी एकच, पण गाडीत कुठूनही ओढता येते. आता समजा कुणी ती खाली ओढून धरलीच, किंवा तिला जड पिशवी अडकवली. मग कंडक्टरने कितीही ओढली तरी घंटा वाजणार नाही, कारण दोरी आधीच खाली आहे.

आय-स्क्वेअर-सी नावाची बस अशीच चालते. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये ती आणली आणि आज बहुतेक छोटे सेन्सर तिच्यावरच बोलतात. तारा दोनच. एक ठोक्याची, एक माहितीची. दोन्ही एरवी वर ताणलेल्या असतात आणि जोडलेला कुणीही त्या खाली ओढू शकतो. बोर्ड ठोके देतो. वाचन चालू असताना प्रत्येक ठोक्याला सेन्सर माहितीची तार खाली ओढतो किंवा सोडतो: खाली म्हणजे शून्य, वर म्हणजे एक. असे आठ ठोके झाले की एक बाइट, आणि नववा ठोका पोच देण्याचा. सेकंदाला एक लाख ठोके ही साधी गती.

दोन तारांत सगळं भागतं हे फार सुंदर आहे. पण या व्यवस्थेत एका अडकलेल्यामुळे सगळे मुके होतात.

## बस टाइमआउट म्हणजे काय, आणि तो कुठे नसतो

प्रोसेसर बसवर विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. वाट पाहण्याची मुदत म्हणजे टाइमआउट.

१९७६ च्या ८०८५ वर रेडी नावाची पिन आहे. मेमरी मंद असेल तर ती या पिनेवरून "थांब" म्हणते आणि प्रोसेसर थांबतो. किती वेळ? रेडी मिळेपर्यंत, कितीही वेळ. प्रोसेसरच्या आत त्याला मर्यादा नाही. बहुतेक किटमध्ये ही पिन थेट ५ व्होल्टला बांधलेली असल्यामुळे विद्यार्थ्यांना याचा अनुभव येत नाही.

१९७९ च्या मोटोरोला ६८००० या प्रोसेसरमध्ये हा विचार पुढे गेला. तिथे प्रत्येक व्यवहाराला समोरच्याने "झालं" अशी पोच द्यावी लागते. त्याबरोबर बस एरर नावाची आणखी एक पिन आहे. बोर्ड बनवणारा बाहेर एक टायमर बसवतो. ठरल्या वेळेत पोच आली नाही की तो टायमर ही पिन ओढतो, आणि प्रोसेसर अडकून न राहता "या पत्त्यावर कुणी नाही" हे हाताळणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळतो. टायमर, इंटरप्टसारखी हाक आणि बस या तिघांची गाठ इथे पडते.

आय-स्क्वेअर-सीच्या मूळ नियमांत मात्र अशी मुदतच नाही. सेन्सरने तार कितीही वेळ धरून ठेवली तरी तो नियम मोडत नाही. तिच्यावरूनच पुढे आलेल्या एसएमबसने, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीशी वगैरे बोलणाऱ्या बसने, ही उणीव भरून काढली: ठोक्याची तार २५ ते ३५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त खाली राहिली तर सगळ्यांनी व्यवहार सोडायचा आणि दोरी मोकळी करायची. लिनक्स आपल्या बाजूने साधारण एक सेकंद वाट पाहून हात वर करतो. पायथनच्या पडद्यावर दिसणारी ११० क्रमांकाची चूक म्हणजे वेळ संपली, आणि १२१ म्हणजे पलीकडून पोच आली नाही. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. १२१ ला बहुधा तार सुटलेली किंवा पत्ता चुकलेला असतो. ११० ला कुणीतरी दोरी धरून बसल्याचा संशय घ्यावा.

## चाळीत काय घडत होतं

दोन्ही वेळा आकडे थांबले ते रात्री. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीची होती. वीज आली की स्टार्टरच्या ऑटोवर विहिरीची मोटर आपोआप सुरू व्हायची, आणि मोटरच्या केबलच्या अगदी शेजारून माझी सहा मीटरची सेन्सरची तार गेलेली होती. ही बस मुळात एकाच बोर्डावरच्या, काही सेंटिमीटर अंतरावरच्या चिपसाठी बनवलेली. तारेची विजेची साठवण ४०० पिकोफॅरडच्या आत राहावी असा तिचा नियम, आणि सहा मीटर तार त्या मर्यादेला सहज जाऊन भिडते. चूक माझीच होती.

मोटर सुरू होताना उडालेल्या झटक्यात सेन्सरकडे जाणारा एखादा ठोका बुडाला. बोर्डाच्या हिशेबाने बाइट संपला. सेन्सरच्या हिशेबाने अजून एक बिट बाकी होता, आणि तो बिट शून्य होता. म्हणून सेन्सर माहितीची तार खाली ओढून पुढच्या ठोक्याची वाट पाहत राहिला. बोर्डाला नवा व्यवहार सुरू करण्यासाठी तीच तार वर असलेली हवी. ती खाली दिसल्यावर बोर्ड ठोका देईना. सेन्सर ठोक्याची वाट पाहतोय, बोर्ड तार सुटण्याची. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर, आणि सकाळपर्यंत तसेच.

मी रीबूट केला तेव्हा प्रोसेसर नव्याने सुरू झाला. पण सेन्सरला ३.३ व्होल्ट मिळतच होते. त्याच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं, तो त्याच बिटावर अडून होता. प्लग काढला तेव्हा त्याचीही वीज गेली आणि त्याने दोरी सोडली. रीबूट आणि प्लग यांतला फरक एवढाच.

प्लग न काढताही यातून सुटता येतं. बोर्डाने बाकी सगळं विसरून ठोक्याच्या तारेवर नऊ ठोके द्यायचे. नऊच का? सेन्सर बाइटच्या कुठल्याही टप्प्यावर अडकला असला तरी त्याच्याकडे जास्तीत जास्त आठ बिट शिल्लक असणार. त्यानंतरचा ठोका पोच घेण्याचा. तेव्हा त्याला तार सोडावीच लागते, आणि पोच मिळाली नाही की तो गप्प होतो. मग "व्यवहार संपला" अशी खूण करायची. हा उपाय या बसच्या नियमपुस्तकातच दिलेला आहे.

## टाइमआउट भरपूर मोठा ठेवला तर सुरक्षित नाही का?

उलट. प्रत्येक टाइमआउट वरच्या एखाद्या टाइमआउटच्या पोटात असतो. हिशेब करून पाहा. आठ सेन्सर, प्रत्येकासाठी एक सेकंद वाट, आणि उत्तर नाही आलं तर तीन प्रयत्न. आठही अडकले तर २४ सेकंद गेले. बोर्डावर १५ सेकंदांचा वॉचडॉग, म्हणजे अडकलेला बोर्ड आपोआप रीसेट करणारा टायमर लावलेला असेल तर धड चालणारा, शांतपणे प्रयत्न करणारा प्रोग्रॅम मध्येच मारला जाईल. तोही ऐन वाचनाच्या मध्ये, म्हणजे सेन्सर पुन्हा अर्ध्या बाइटवर अडकण्याची सोय.

फार छोटाही चालत नाही. डीएस१८बी२० हा तापमानाचा लोकप्रिय सेन्सर आहे. त्याला पूर्ण अचूकतेने मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. त्याला ५०० दिले तर तो कायम नालायक ठरेल. म्हणून आकडा अंदाजाने ठरवू नये. सेन्सरच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त वेळ दिलेला असतो, त्यावर थोडी सूट द्यावी.

## वॉचडॉग आहे ना, मग काळजी कसली?

वॉचडॉग हा उलटा चालणारा टायमर. प्रोग्रॅमने त्याला वेळोवेळी "मी जिवंत आहे" असं कळवत, म्हणजे त्याला थोपटत राहायचं. कळवलं नाही आणि तो शून्यावर आला, तर तो कुणालाही न विचारता बोर्ड रीसेट करतो. रास्पबेरी पायमध्ये त्याची मोजणी २० बिटांची, एक पाऊल साधारण १६ मायक्रोसेकंदांचं, म्हणून एकदा थोपटल्यावर तो जेमतेम १५-१६ सेकंदच वाट पाहू शकतो.

वॉचडॉग हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो बहुतेकदा चुकीच्या जागेवरून थोपटला जातो. काही जण टायमरच्या इंटरप्टमधूनच त्याला थोपटतात. मुख्य प्रोग्रॅम मेलेला असला तरी नाडी चालूच असते, आणि वॉचडॉगला वाटतं सगळं ठीक आहे. माझ्याकडे वेगळ्या वाटेने हेच झालं. वॉचडॉगला थोपटत होती ती लिनक्सची व्यवस्था, आणि ती ठणठणीत होती. अडकला होता तो माझा आकडे घेणारा प्रोग्रॅम, त्याच्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं. जे काम चालू राहायला हवं ते खरंच झाल्यावर, त्याच जागेवरून वॉचडॉगला थोपटलं पाहिजे.

आणि वॉचडॉग रोग बरा करत नाही, हे मंगळावर दिसलेलं आहे. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनच रीसेट व्हायला लागला. यानाची बस सेकंदाला आठ फेऱ्या करायची. मागच्या फेरीत जमलेल्या माहितीचं वाटप वेळेत संपलं नाही असं दिसलं की संगणक रीसेट व्हायचा. वाटप का संपत नव्हतं? हवामानाची माहिती घेणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाकडे एक सामायिक कुलूप होतं. त्याहून कितीतरी महत्त्वाचं, बसवरची माहिती वाटायचं काम त्या कुलपासाठी थांबलेलं. आणि मधल्या महत्त्वाची कामं येऊन हवामानाच्या कामाला पुढेच जाऊ देत नव्हती. स्वयंपाकघरात एकुलती पक्कड लहान मुलाच्या हातात आहे, दूध उतू चाललंय, आणि मधल्या काकू मुलाला गोष्ट सांगत बसल्यात, असा प्रकार. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच घोटाळा घडवून दाखवला. मग मंगळावर दुरुस्ती पाठवली: ज्याच्या हातात कुलूप आहे त्याला, वाट पाहणाऱ्याचं महत्त्व तेवढ्यापुरतं मिळेल. रीसेटमुळे यान वाचत होतं, पण प्रत्येक वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जात होतं.

## वेगवान बोर्ड घेतला तर?

चाळीतल्या घोटाळ्यात वेगाचा संबंधच नव्हता. दहापट वेगवान प्रोसेसर त्याच तारेची दहापट वेगाने वाट पाहील. काही आधुनिक चिपवर तर अवघड प्रसंग येतो. चिपच्याच आतल्या एखाद्या भागाचं घड्याळ बंद असताना त्याचा पत्ता वाचला, तर उत्तर येत नाही आणि प्रोसेसर त्या एका वाचनावर थिजतो. मग वॉचडॉग सोडून कुणीच उरत नाही.

## आता चाळीत काय आहे

सेन्सरची तार मोटरच्या केबलपासून दूर नेली. प्रत्येक वाचनाला ५० मिलिसेकंदांची मुदत, दोनच प्रयत्न. ११० आला तर नऊ ठोके. तरीही तार सुटली नाही तर बोर्डाची एक पिन ट्रान्झिस्टरमार्फत सेन्सरांची वीज दोन सेकंद तोडते, म्हणजे मामांनी प्लग काढण्याचं काम बोर्ड स्वतःच करतो. वॉचडॉगला आता आकडे घेणारा प्रोग्रॅम थोपटतो, एक फेरी पूर्ण झाल्यावरच.

आणि एक बदल, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सगळे सेन्सर मुके झालेले असताना मोबाइलवर शेवटचे आकडे तसेच राहिले होते. चौसष्ट टक्के. मामांनी त्यावर विसंबून ताडपत्र्या सोडल्या नव्हत्या. टाइमआउट झाला की आता त्या मिनिटाचा रकाना रिकामा राहतो आणि सेन्सरच्या नावापुढे लाल खूण येते. मागच्याच आठवड्यात नोंदवहीत दिसलं: पहाटे २:४१, सेन्सर ३, वेळ संपली, नऊ ठोके, तार मोकळी. २:४१ चा रकाना कोरा. २:४२ ला ८१ टक्के.

सेन्सर ३ चाळीच्या पार टोकाला आहे आणि त्याची तार अजून लांबच आहे. पुढचा कांदा भरायच्या आधी तिथे आरएस-४८५ वर चालणारा सेन्सर लावायचा आहे. ती व्यवस्था शेकडो मीटरसाठीच बनवलेली आहे. मामांनी पाइप आणून ठेवलाय.